नाव आपले, व्यवहार दुसऱ्याचा

१८७४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात ग्वाल्हेरहून निघालेल्या एका बातमीने सबंध हिंदुस्थानात खळबळ उडवून दिली. जयाजीराव शिंदे यांनी नानासाहेब पेशव्यांस पकडून इंग्रजांच्या हवाली केले, अशी ती बातमी होती. सत्तावनच्या धामधुमीला तेव्हा सतरा वर्षे लोटली होती. पकडलेल्या मनुष्यास आपल्या मुरारच्या छावणीत ठेवण्यात आले व पुढे कानपुरास नेण्यात आले. नानासाहेबांस पूर्वी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते अशी माणसे शोधून आणून त्याच्यासमोर उभी केली गेली, अंगावरच्या खुणा तपासल्या गेल्या, जबान्या झाल्या. आणि सरतेशेवटी हा मनुष्य नानासाहेब नव्हेच, असा निर्णय सरकारास द्यावा लागला.

परंतु मराठी मुलखाला हा प्रकार काही नवा नव्हता. शंभर वर्षे आधी पुण्याच्या दरबारास याहून कितीतरी मोठ्या तोतयाशी गाठ घालावी लागली होती. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. तथापि त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते कधीच मान्य केले नाही आणि अखेरपर्यंत त्या सौभाग्यचिन्हे लेवूनच राहिल्या. लोकांच्या मनातही ‘भाऊ जिवंत असतील’ ही आशा होतीच. त्या आशेवरच सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून वावरू लागला. थोरल्या माधवरावांच्या वेळी तो पकडला गेला, चौकशीत आपण भाऊ नसल्याचे त्याने कबूल केले, आणि त्याची रवानगी कैदेत झाली. एवढ्यावर प्रकरण मिटावयास हवे होते. पण १७७६ मध्ये रत्नागिरीस रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला बाहेर काढले आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले ‘भाऊसाहेबां’च्या ताब्यात जाऊ लागले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांना फौजेनिशी धाडावे लागले, तेव्हा कोठे ते बंड मोडले. पळताना तो रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यात त्याची पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे, हे वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक असेलच.

या दोन्ही कथा येथे सांगण्याचे कारण निराळे आहे. पूर्वी तोतयाला माणसांना फसवावे लागे. चेहरा, आवाज, चालणे, घरातल्या गोष्टींची माहिती, हे सर्व जुळवावे लागे आणि घरचा एखादा जुना माणूस समोर आला की त्याची धडगत नसे. आज आपली ओळख पटविणारा बहुधा माणूस नसतोच. बँकेचे यंत्र, टेलिफोन कंपनीचे यंत्र, कर्ज देणाऱ्या कंपनीचे यंत्र यांना आपला चेहरा ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहेत ते काही आकडे: बारा अंकी आधार, दहा अक्षरी पॅन, मोबाइलचा क्रमांक, जन्मतारीख, आणि क्षणापुरता येणारा ओटीपी. एवढी सामग्री ज्याच्या हाती पडली तो त्या यंत्रापुरता ‘आपण’ होऊन बसतो. भाऊसाहेबांच्या तोतयाने निदान भाऊंसारखे दिसण्याची खटपट केली असेल. आजच्या तोतयाला तीही तसदी नाही. तो चारशे कोसांवर बसून, आपण बाजारात भाजी घेत असतानाच, आपल्या नावाने कर्ज काढू शकतो.

समजा, जनकगंजात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना एके दिवशी वसुलीवाल्याचा फोन येतो. “तुम्ही सव्वा लाखाचे कर्ज घेतले, तीन हप्ते थकले आहेत.” बाईंनी जन्मात कर्ज घेतलेले नाही. त्या घाबरतात, मुलाला सांगावे की नाही याचा विचार करतात, शेजारणीला तर सांगतच नाहीत. दोन महिने असेच जातात. या प्रसंगात पैशाची चोरी झाली आहे असे वरवर वाटते, पण बाईंच्या खात्यातून एक पैसाही गेलेला नाही. गेली आहे ती त्यांची पत. कर्ज दुसऱ्याने उचलले, थकबाकीदार मात्र त्या ठरल्या. आणि उद्या नातवाच्या शिक्षणासाठी त्या कर्जाला जामीन राहू गेल्या, तर बँक त्यांना नकार देईल.

ही सामग्री चोराच्या हाती जाते तरी कशी? पुष्कळांची समजूत अशी की, याला संगणकातली मोठी विद्या लागते. काही वेळा लागतेही. पण बहुतेक वेळा आपलेच कागद आपल्याला दगा देतात. तेलंगणात २०१८ मध्ये उघडकीस आलेला एक प्रकार या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. जमिनीच्या खरेदीखतांवर पक्षकारांचे अंगठे उमटवलेले असतात, आणि ती खते नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळत होती. एका सिमकार्ड विक्रेत्याने ती उतरवून घेतली, रबरी शिक्के बनविण्याच्या साध्या यंत्रावर त्या अंगठ्यांचे ठसे तयार केले आणि त्या ठशांवर शेकडो परक्या लोकांच्या नावे सिमकार्डे चालू केली. ज्यांचे अंगठे होते त्यांनी काहीही चूक केली नव्हती. त्यांनी फक्त रीतसर जमीन विकली किंवा घेतली होती. पुढे आधार क्रमांक व अंगठा यांवर खात्यातून पैसे काढण्याच्या सोयीचाही असाच गैरवापर निरनिराळ्या राज्यांत झाला. त्यात ओटीपी लागत नाही, त्यामुळे ‘मी तर कोणाला ओटीपी सांगितलाच नव्हता’ हा बचाव खरा असूनही पैसे जातात.

दुसरी वाट सिमकार्डाची. चोर आपल्या नावाचे खोटे कागद दाखवून ‘माझे सिम हरवले, दुसरे द्या’ म्हणतो. नवे सिम चालू होताच आपले बंद पडते, आणि बँकेचे सर्व निरोप त्याच्याकडे जाऊ लागतात. म्हणून भर वस्तीत, चांगल्या पट्ट्यात असताना मोबाइल अचानक मुका झाला आणि तासाभरात पूर्ववत झाला नाही, तर ‘कंपनीचा काहीतरी बिघाड असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला व बँकेला ताबडतोब विचारावे.

तिसरा प्रकार आपल्या शहराने फार जवळून पाहिला आहे. यात चोर आपली ओळख चोरतो असे नाही. ‘तुमची ओळख चोरीला गेली आहे’ अशी भीती घालून तो आपल्याला लुबाडतो. तुमच्या आधारावर कोणी खाते उघडले आहे, त्यात काळा पैसा आला आहे, तुमच्यावर वॉरंट आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही. २०२५ च्या मार्च-एप्रिलात ग्वाल्हेरातीलच एका आश्रमाच्या सचिवपदी असलेल्या संन्याशास नाशिक पोलिसांचे नाव सांगून अशा धाकात सुमारे सव्वीस दिवस ठेवण्यात आले आणि त्यांच्याकडून अडीच कोटींवर रक्कम निरनिराळ्या खात्यांत वळती करून घेण्यात आली. अनुभवी, शिकलेला, सार्वजनिक काम करणारा माणूस यात सापडू शकतो, हे येथे ध्यानात घ्यावयाचे. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय कोणीही व्हिडिओवर अटक करीत नाही, आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून कोणाच्या खात्यात पैसे भरावयास सांगत नाही.

या तिन्ही प्रकारांत चोराला एक आयता मदतनीस मिळतो, तो म्हणजे आपली लाज. आपल्यासारख्या, एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखणाऱ्या समाजात तर ती अधिकच. बाड्यावर कोणी भेटले तर काय म्हणेल, सूनबाईला कळले तर व्यवहार हातातून काढून घेईल, या विचारात जे दोन दिवस जातात त्या दोन दिवसांतच पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहांत फुटून जातो. ज्याच्या घरी चोरी झाली तो पोलिसांत जावयास लाजत नाही. मग ज्याचे नाव चोरीला गेले त्याने का लाजावे, हे प्रस्तुत लेखकास अद्याप उमगलेले नाही. घरच्या तरुण मंडळींनीही येथे आपली जीभ आवरावी. “तुम्हांला कोणी सांगितले होते ते बटण दाबायला!” हे एक वाक्य ऐकल्यावर पुढच्या वेळी आजोबा काहीच सांगत नाहीत.

आता, नाव परत कसे मिळवावयाचे ते जरा तपशिलाने पाहू.

खात्यातून पैसे गेले असतील तर पहिले काम १९३० या क्रमांकावर फोन करण्याचे. हा क्रमांक सबंध देशासाठी एकच आहे. फोन करताना हाताशी बँकेचे नाव, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक असावा. तेथून ती माहिती पैसा जेथे गेला त्या बँकेपर्यंत पोचविली जाते आणि रक्कम अद्याप तेथे असेल तर ती रोखून धरली जाते. ‘अद्याप तेथे असेल तर’ या चार शब्दांत सर्व मर्म आहे. पहिल्या तासात केलेल्या फोनला जी किंमत आहे ती दुसऱ्या दिवशीच्या दहा अर्जांना नाही. तक्रार सायबर क्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदविता येते. मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा. मोबाइलमध्ये ठेवू नये, कारण तो मोबाइलच कदाचित पोलिसांना दाखवावा लागेल.

त्याच दिवशी बँकेला कळवावे, आणि लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी या बाबतीत बँकांना जे नियम घालून दिले त्यांत दिवसांना फार महत्त्व आहे. चूक बँकेची नसून आणि ग्राहकाचीही नसून तिसऱ्याच कोणाची असेल, आणि बँकेकडून निरोप आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले असेल, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. चार ते सात दिवसांत कळविले तर ठराविक मर्यादेपर्यंतच पडते. त्यापुढे मात्र बँकेच्या धोरणावर अवलंबून. ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. पण कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरीही कळविण्यात फायदाच आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तक्रार देताना तिच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि वेळ घ्यावी. काउंटरवरचा कारकून “साहेब जेवायला गेले आहेत” म्हणाला तरी शिक्का घेतल्याविना परतू नये. तीस दिवसांत बँकेने समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही.

पोलिसांकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. संकेतस्थळावरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे पुष्कळांना नंतर कळते. रक्कम मोठी असेल किंवा आपल्या नावाचा वापर गुन्ह्यात झाला असेल, तर ठाण्यात जाऊन एफआयआर नोंदविण्याचा आग्रह धरावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ग हे कलम नेमके याच गुन्ह्याचे आहे: दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, सांकेतिक शब्द किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड. (इंग्रजी वर्णक्रमाने हे ‘६६-सी’ असे छापलेले आढळेल, पोलीसही तसेच म्हणतात.) शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१९ व्या कलमात तोतयेगिरीने फसविण्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. गुन्हा कोठे घडला हे माहीत नसले तरी कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घेतली पाहिजे, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते, आणि ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज पाठविता येतो.

वर सांगितलेल्या शिक्षिकाबाईंसारखे नुसते खोटे कर्ज निघाले असेल तर वाट लांबची आहे, पण ती सरळ आहे. आपल्या देशात पतीची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. (‘पत’ या शब्दाची ही षष्ठी; सौभाग्यवतींनी गैरसमज करून घेऊ नये.) यांतील प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही मागवावे, कारण एकीकडे नसलेली नोंद दुसरीकडे सापडते. परकी नोंद आढळली की त्या कंपनीकडे व कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, दोन्हीकडे आक्षेप नोंदवावा. अर्ज लांबलचक नको. “अमुक क्रमांकाचे कर्ज मी घेतलेले नाही. या कर्जासाठी वापरलेली कागदपत्रे, छायाचित्र व रक्कम ज्या खात्यात जमा केली त्याचा तपशील मला द्यावा. माझ्या पोलीस तक्रारीची प्रत सोबत आहे.” एवढे तीन ओळींत लिहावे. यातली दुसरी ओळ सर्वांत कामाची, कारण रक्कम आपल्या खात्यात आलेलीच नाही हे एकदा कागदावर आले की बाकीचे प्रकरण ढिले पडते. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला नाही तर दर दिवसामागे शंभर रुपये भरपाई द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला. मधल्या काळात वसुलीवाल्यांचे फोन चालूच राहतील. ‘कटकट नको, एक हप्ता भरून टाकू’ असा मोह होतो, तो टाळावा. एक हप्ता भरला की कर्ज आपण मान्य केले, असे समोरचा म्हणू शकतो.

पैसा व कर्ज यांखेरीज आणखी चार ठिकाणी आपल्या नावाचा माग घ्यावा. दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपल्या नावे किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसते. आपली नसेल ती तेथेच ‘माझी नाही’ म्हणून कळविता येते. आयकराच्या संकेतस्थळावर वार्षिक माहितीपत्रक असते, त्यात आपल्या पॅनवर कोणी पगार, भाडे किंवा जमिनीचा व्यवहार दाखविला असल्यास तो उघडा पडतो. आपल्या पॅनवर कोणी जीएसटीची दुकानदारी काढली आहे काय, हेही जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन घालून पाहता येते. आणि आधार गेल्या सहा महिन्यांत कोठे कोठे वापरले गेले याची यादी आधार प्राधिकरण देते. आधाराचा मदत क्रमांक १९४७, म्हणजे पाठ करावयासही नको.

आधार क्रमांक बदलून मिळत नाही. मोडलेले कुलूप बदलावे तसे ते बदलता येत नसल्यामुळे त्यावर दुसरे कुलूप घालण्याची सोय आहे, तिला बायोमेट्रिक लॉक म्हणतात. आधाराच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलमधील त्याच्या ॲपवर ते लावले की आपला अंगठा, डोळे व चेहरा यांवर कोणालाच व्यवहार करता येत नाही, आपल्यालाही नाही, जोवर आपण ते उघडीत नाही. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारास जोडलेला हवा. पेन्शनर मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे की नोव्हेंबरात हयातीचा दाखला अंगठ्यावर द्यावयाचा असेल तर त्या दिवशी कुलूप काढून न्यावे आणि घरी आल्यावर पुन्हा लावावे. रेशन अंगठ्यावर घेणाऱ्यांचेही तसेच. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने पंधरा मिनिटे खर्च करावीत; मात्र त्याने ते त्यांच्याच फोनवर, त्यांच्या देखत करावे.

कागदांविषयी एक जुना वाद आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने ‘आधाराची झेरॉक्स कोणालाही देऊ नका’ अशी सूचना काढली आणि लोकांचा गोंधळ होतो म्हणून दोनच दिवसांत ती मागे घेण्यात आली. आमच्या मते ती सूचना मुळात वावगी नव्हती. ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात असे ‘मास्क्ड’ आधार मिळते, हॉटेलात खोली घेताना वा सोसायटीत भाडेकरू ठेवताना तेवढे पुरे होते. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून ‘अमुक कामासाठी, अमुक संस्थेस, दिनांक अमुक’ असे अक्षरांना छेदून लिहावे. झेरॉक्सच्या दुकानात मोबाइलवरून कागद पाठविला असेल तर छापून झाल्यावर दुकानदाराच्या यंत्रावरून तो पुसून घ्यावा. पुष्कळ दुकानांत तो दिवसभर तसाच पडद्यावर असतो. कॉलेजातल्या मुलांस एक निराळा इशारा द्यावा लागतो. ‘तुझे खाते महिनाभर वापरावयास दे, पाच हजार देतो’ असे सांगणारे हल्ली भेटतात. चोरीचा पैसा फिरतो तो अशाच खात्यांतून, आणि पोलीस प्रथम येतात ते खातेदाराच्या दारी.

शेवटचा मुद्दा संस्थांचा, आणि तो जरा मोकळेपणाने मांडावयास हवा, कारण अशा संस्थांत काम करणारी मंडळी सज्जन असतात आणि सज्जनपणामुळेच कागदांविषयी निष्काळजी असतात. कोणत्याही समाजसंस्थेच्या कार्यालयात काय असते ते पाहा. शिष्यवृत्तीच्या अर्जांबरोबर आलेली आधारकार्डे, पालकांच्या पगाराचे दाखले, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. वैद्यकीय मदतीच्या अर्जांत रोगाचे नावसुद्धा. देणगीच्या पावत्यांवर पॅन. वर्षानुवर्षे ही बाडे न कुलपाच्या कपाटात राहतात आणि एखाद्या दिवाळीच्या सफाईत रद्दीवाल्याकडे जातात. सभासदसूचीत नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस. आणि वधू-वर सूचीचे तर काय सांगावे! जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, आईचे माहेरचे आडनाव, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, पगार, छायाचित्र, मोबाइल. बँका फोनवर आपली ओळख पटविण्यासाठी जे जे विचारतात ते सर्व येथे एका पानावर सुबक छापून मिळते. पूर्वी ही सूची शे-दोनशे घरांत फिरे, ती घरे एकमेकांना ओळखत. आज तिचे पान एका मोबाइलवरून निघाले की संध्याकाळपर्यंत ते कोठे जाईल याचा नेम नाही.

यावर उपाय अवघड नाहीत आणि त्यांना खर्चही नाही. वधू-वर सूचीत जन्माचे साल व रास-नक्षत्र छापावे, पूर्ण तारीख व वेळ टिपण जुळवावयाची वेळ येईल तेव्हा दोन घरांनी परस्परांत द्यावी. पगाराचा आकडा छापण्याची चाल सोडावी. फोन कार्यालयाचा द्यावा. सभासदांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिवस-महिन्यावरून देता येतात, त्यास साल लागत नाही. शिष्यवृत्तीसाठी मास्क्ड आधार चालेल असे अर्जावरच छापावे, आणि हिशेबतपासनीसांस लागणारे कागद सोडून बाकीचे, वर्षाचे वाटप संपताच, विश्वस्तांपैकी दोघांच्या देखत फाडून टाकावेत. व्हॉट्सॲपच्या गटावर कोणाचे आधार किंवा पासबुक येऊन पडले तर गटप्रमुखाने ते तत्काळ काढावे. पाठविणाऱ्यास राग आला तरी चालेल. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि काम झाल्यावर ठेवू नये, हे त्यातील मुख्य सूत्र आहे.

दिवंगत सभासदांच्या कागदांचेही असेच. गेलेल्या माणसाच्या नावे व्यवहार झाला तर तक्रार करावयास तो येत नाही, आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातीत त्याचे नाव, जन्मदिनांक व पत्ता बहुधा आपणच छापलेला असतो. मृत्यूचा दाखला मिळाल्यावर बँक, पेन्शन व मोबाइल कंपनी यांना कळविण्याचे काम दिवसकार्य आटोपताच करावे. आधार प्राधिकरणाने जून २०२५ पासून कुटुंबातील व्यक्तीच्या मृत्यूची नोंद घरबसल्या कळविण्याची सोय केली आहे. तीसाठी मृत्यू-नोंदणीचा क्रमांक आणि कळविणाऱ्याचे स्वतःचे आधार लागते. मृताचे सिम घरातल्या कोणी वापरावयाचे असेल तर ते रीतसर त्याच्या नावावर करून घ्यावे, कारण बँकेचे निरोप अजून त्याच क्रमांकावर येत असतात.